पोळ्या लाटणं म्हणजे सामायिक नव्हे



आज जरा तिखट लिहिणार आहे. भिवापूरची आहे, मिरचीच्या गावची, तेव्हा एवढं चालवून घ्या.

मागच्या चतुर्दशीला आमच्या गावातल्या चार-पाच जणी एका महिला संमेलनासाठी नागपूरला गेलो होतो. विषय होता ‘रोजच्या जीवनात माइंडफुलनेस’. व्याख्यान द्यायला मोठ्या शहरातून एक ताई आल्या होत्या. बोलायला गोड, साडी सुरेख, पडद्यावर चित्रंही छान. सुरुवातीला त्यांनी प्रत्येकीच्या हातावर एकेक मनुका ठेवली. म्हणाल्या, हिच्याकडे बघा, हिचा वास घ्या, कानाशी धरा, मग जिभेवर ठेवून सावकाश चावा. चतुर्दशी असल्यामुळे अर्ध्या बायांचा उपवास होता. त्या बिचाऱ्या मनुका मुठीत धरून एकमेकींकडे बघत बसल्या. माझ्या शेजारच्या काकूंनी ती हळूच रुमालात बांधली आणि म्हणाल्या, “उद्या पारण्याला खाईन.”

इथपर्यंत हसण्यावारी नेलं असतं. पण पुढे ताई म्हणाल्या, “तुम्हा गृहिणींना ध्यानासाठी वेगळा वेळ काढायची गरजच नाही. भांडी घासताना पाण्याचा स्पर्श अनुभवा. पोळी लाटताना फक्त पोळीकडे लक्ष द्या. तुमचं स्वयंपाकघर हेच तुमचं ध्यानमंदिर. तुमचं काम हेच तुमचं सामायिक.” टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं सांगते, मीही वाजवल्या. आपल्या राबण्याला कुणी देवळाचा दर्जा दिला की बरं वाटतंच.

संध्याकाळी घरी आल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, काय शिकवलं. मी सांगितलं. ते हसून म्हणाले, “म्हणजे आता वेगळं बसायची गरज नाही. बरं झालं.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या एका वाक्यात माझ्या दोन घटका गेल्या, आणि त्या घालवणाऱ्या व्याख्यानाला मीच टाळ्या वाजवून आले होते. रात्री झोप आली नाही. त्या रात्री जे मनात आलं ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

आधी शास्त्राचं बघू, कारण ‘काम हेच सामायिक’ हे वाक्य शास्त्राचं नावच घेऊन बोललं गेलं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सामायिकाचं वर्णन आहे. तिथे आचार्य सांगतात की सामायिकाच्या वेळी गृहस्थाकडे आरंभही नसतो आणि परिग्रहही नसतो. कुणी तरी अंगावर वस्त्र टाकलेल्या मुनीसारखा तो त्या वेळेपुरता असतो. म्हणजे सामायिकाची पहिली अटच आरंभ थांबवणं ही आहे. आता आरंभ कशाला म्हणतात? गृहस्थाच्या घरची पाच हिंसास्थानं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: कांडण, दळण, चूल, पाण्याचा माठ आणि केरसुणी. ही यादी पुन्हा एकदा वाचा. पाचांतलं एक तरी काम आपल्या घरात पुरुष करतो का? जी कामं शास्त्राने आरंभ म्हणून मोजली, ती सगळी आपल्या वाट्याला आली. आणि आता आपल्याला सांगतात की तेच तुमचं सामायिक. चूल पेटलेली असताना सामायिक होतं, असं कुठल्या आचार्यांनी लिहिलं आहे ते मला कुणी दाखवावं.

मग कामात सावधपणा नको का? हवाच. पण त्याला आपल्याकडे वेगळं नाव आहे, आणि त्याचा हेतूही वेगळा आहे. पाच समिती आपल्याला पाठ आहेत: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण, उत्सर्ग. मुनींसाठी ते व्रत आहे, आपल्यासाठी ते वळण. चार हात जमीन बघून चालावं, बोलण्याआधी शब्द तपासावा, वस्तू उचलताना आणि ठेवताना खाली जीव आहे का ते पाहावं. माझ्या आईने मला हे कधी शब्दांत शिकवलं नाही. ती गॅस पेटवण्याआधी बर्नर पुसायची. डाळ-तांदूळ उजेडात पसरून सोंडे निवडायची. पाणी गाळलं की छन्ना उलटा करून त्यातला जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडायची. चातुर्मासात पालेभाजी घरात येऊ द्यायची नाही. पिठाचा डबा पावसाळ्यात भरून ठेवायचा नाही, लागेल तेवढंच दळून आणायचं.

यात आईला स्वतःला किती शांत वाटतंय याचा प्रश्नच नव्हता. तिचं लक्ष मुंगीकडे होतं. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतात, तेव्हा आपण ऐकतोच की हिंसेचं मूळ प्रमादात आहे. नजर हलली की कुणाचा तरी जीव जातो, म्हणून नजर ठेवायची. त्या ताईंनी सांगितलेल्या सावधपणात भांडी घासणारी बाई सुखी व्हावी एवढंच होतं. पाण्याचा स्पर्श अनुभवा म्हणाल्या. नळ किती वेळ सोडलाय ते बघा, असं काही म्हणाल्या नाहीत. मनुकेचा रस जिभेवर घोळवा म्हणाल्या. आपण रसपरित्यागाला तप म्हणतो हो! मनुकेत गैर काही नाही, पण तो धडा आपल्या धड्याच्या जागी बसत नाही.

बरं, त्या शास्त्राचं तरी खरं सांगितलं का, तेही पाहू. माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द बौद्धांच्या ‘सती’ या पाली शब्दासाठी आला. १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स या विद्वानाने आपल्या अनुवादात तो वापरला. सती म्हणजे संस्कृतातली स्मृती. आता गंमत बघा. तत्त्वार्थसूत्राच्या त्याच सातव्या अध्यायात सामायिकाचे पाच अतिचार दिले आहेत: मन भलतीकडे जाणं, वाणी भलतीकडे जाणं, शरीर चाळवणं, अनादर, आणि पाचवा स्मृत्यनुपस्थान, म्हणजे स्मृती जागेवर नसणं. जी गोष्ट आज आपल्याला नवीन म्हणून तिकीट लावून शिकवली जाते, तिचा अभाव आपल्याकडे केव्हाच दोष म्हणून नोंदवलेला आहे. पण तो बसण्यातला दोष आहे. आधी बसायला मिळालं तर तो लागणार ना?

अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात दुखण्याने त्रस्त रोग्यांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. आजचं बहुतेक माइंडफुलनेस तिथून आलं, ती मनुकाही तिथलीच. त्या अभ्यासक्रमात रोग्याला घरी आठवड्यातले सहा दिवस सुमारे ४५ मिनिटं रोज बसायला सांगत. म्हणजे आपल्या मुहूर्ताला तीनच मिनिटं कमी! आपल्याकडे इगतपुरीला गोएंकाजींचं विपश्यना केंद्र आहे. तिथे माणूस दहा दिवस मौनात बसतो, आणि त्या दहा दिवसांत शिबिराला आलेल्या बाईला कुणी स्वयंपाक करायला लावत नाही. सेवा देणारे रांधतात आणि ती जेवते. आपल्यातच आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ पासून प्रेक्षाध्यान शिकवलं, तेही बसून. म्हणजे बौद्ध असोत, अमेरिकेतले डॉक्टर असोत की आपले आचार्य, सगळे आधी वेळ मागतात. कामातला सावधपणा त्या बसण्यातून पुढे कामात उतरतो असं सांगतात. ‘वेगळा वेळ नको’ हे फक्त गृहिणींच्या व्याख्यानात येतं. आमच्या गावच्या मिरचीच्या सातऱ्यावर बाया दिवसभर देठ खुडतात, हाताची आग रात्रीपर्यंत जात नाही. त्यांना जाऊन सांगा बरं, की हे तुमचं ध्यान आहे. आणि त्याच सातऱ्यावर काट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या व्यापाऱ्याला कुणी म्हणतं का, की तुझं काटा बघणं हेच सामायिक, तू प्रवचनाला नको येऊस? तो काटा बंद करून येतो, पुढच्या रांगेत बसतो. त्याचा वेळ त्याचाच असतो.

वेळेचा हिशेब एकदा मांडूच. दिवसाचे मुहूर्त ३०, प्रत्येक ४८ मिनिटांचा. एक मुहूर्त म्हणजे दोन घटका. सामायिकाची उत्तम वेळ सहा घटका, मध्यम चार आणि कमीत कमी दोन. सरकारने २०२४ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. सहा वर्षांच्या मुलीपासून आजीपर्यंत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. ही कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. ४८ ने भागून बघा. बाईचे पुरे सहा मुहूर्त आणि वर एक मिनिट. पुरुषाचे दोनही भरत नाहीत. यात मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं. तीसांतला एक मुहूर्त मागणं म्हणजे फार मागणं आहे का?

“पण घर लहान, माणसं जास्त, कसं जमणार?” असं तुम्ही म्हणाल. मैत्रिणींनो, आपल्या घरात तर सोय आहे. सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात, मग चूल बंद. अशी मोकळी संध्याकाळ गावातल्या किती घरांत असते? ती आपण कशात घालवतो? उद्याची भाजी निवडण्यात, नातवाच्या दुधात आणि मालिकेत. आणि ज्या घरी नऊ वाजता दुकानातून येणाऱ्यासाठी पुन्हा तवा तापतो, तिथे त्याचं रात्रिभोजन त्याग आणि तिचं सामायिक, दोन्ही एकाच तव्यावर मोडतात. हे आपण कधी मोठ्याने बोलतो का?

आता एक गोष्ट सांगते, ती सांगताना मला जड जातं आहे. माझ्या सासूबाई फार मोठ्या मनाच्या. पहाटे चारला उठायच्या, दहा माणसांचं करायच्या. मंदिरात बायांनी विचारलं की म्हणायच्या, “माझं सामायिक चुलीपुढंच होते.” आम्ही ते त्यांचं मोठेपण म्हणून पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. शेवटच्या वर्षी कमरेचं हाड मोडलं आणि त्या पलंगावर आल्या. घरात सगळे म्हणाले, आता आईंना धर्मध्यानाला वेळच वेळ आहे. मी रोज उशाशी बसून अमितगती आचार्यांचा सामायिक पाठ वाचायची. पाच मिनिटं झाली की त्या डोळे उघडून विचारायच्या, “दूध उतू गेलं का?” कधी विचारायच्या, कणिक भिजवली का. मी म्हणायची, आई, सगळं झालंय, तुम्ही ऐका. त्या डोळे मिटायच्या आणि पुन्हा तेच. एक दिवस रडायला लागल्या. म्हणाल्या, “मले बसताच येत नाही वं. कधी बसलीच नाही ना मी.”

सामायिक कशासाठी शिकायचं असतं? त्याच दिवसांसाठी. मन सगळ्यातून काढून समेवर आणणं एका दिवसात येत नाही, पलंगावर पडल्यावर तर नाहीच. साठ वर्षं त्यांनी प्रमाद केला नाही, मुंगी मारली नाही, आमच्या कुणाच्या ताटात कधी केस निघाला नाही. समिती त्यांची होती तशी माझी कधी होणार नाही. पण सामायिक त्यांना आम्ही करू दिलं नाही, आणि करू न देण्याला गोड नाव देऊन ठेवलं. म्हणून त्या दिवशी नागपूरला तेच गोड नाव पुन्हा ऐकलं तेव्हा मला झोप आली नाही.

आपल्या समाजाचा इतिहास बघितला तर हेच दिसतं. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्राविकाश्रम उभा केला, सोलापूरला श्राविका संस्था पंडिता सुमतीबाई शहांनी वाढवली. त्या थोर बायांनी आपल्याला अक्षर दिलं, स्वाध्याय दिला. पण तो वेळ आधी कुणाला मिळाला? विधवांना. नवरा गेल्यावर मोकळी झालेली बाई आसनावर बसली की समाजाला चालतं. कुंकू असलेली बाई दोन घटका बसली की घराला ती जागेवर नसल्यासारखं वाटतं. शंभर वर्षांनी तरी हे बदलायला नको का?

आणि सगळा दोष पुरुषांवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. आम्ही बाया एकमेकींचं सामायिक मोडण्यात पुढे असतो. परवाच सून सकाळी आसनावर बसली होती. मला जिऱ्याचा डबा सापडेना. मी हाक मारली. “आले आई,” म्हणत ती उठली, डबा दिला आणि पुन्हा जाऊन बसली. तोंडावर राग नाही, काही नाही. डबा माझ्या डोळ्यांपुढेच होता. दुसऱ्याचं सामायिक मोडणाऱ्याला कोणता अतिचार लागतो ते मला ठाऊक नाही, पण मला त्या दिवशी लागला. आणि आपण स्वतः तरी कशा बसतो? मी कित्येक वर्षं कुकर चढवून बसत होते. हातात जपमाळ आणि मनात शिट्ट्यांचा हिशेब. मोबाइल आसनाशेजारी उलटा ठेवलेला. अनादर याहून वेगळा काय असतो?

रत्नकरंडकातच सांगितलं आहे की सामायिकाची जागा एकांताची आणि व्यत्यय नसलेली हवी. वन चालेल, जिनमंदिर चालेल, घरही चालेल. घर चालेल असं आचार्य म्हणतात, म्हणजे त्या घराने व्यत्यय थांबवायला हवा हे ओघाने आलंच. ते काम बसलेल्या बाईचं नाही, बाकीच्यांचं आहे. आणि वेळ मोजायची खूणही तिथे दिली आहे. केसांना किंवा वस्त्राला गाठ बांधायची. ती असेपर्यंत सामायिक.

तेव्हा आम्ही घरात ठरवलं आहे. बसणारीने पदराला नाहीतर ओढणीला गाठ मारायची. गाठ दिसली की हाक नाही, फोन नाही, “चावी कुठे आहे” नाही. गॅसवर काही ठेवून बसायचं नाही. त्या ४८ मिनिटांत दार वाजलं तर बाकीच्यांनी उघडायचं, मूल रडलं तर बाकीच्यांनी घ्यायचं. सुनेची वेळ सकाळची, माझी सूर्यास्तानंतरची. ह्यांना सांगितलं तेव्हा ते जरा गप्प राहिले, मग म्हणाले, “मग सकाळचा चहा?” मी म्हटलं, शिकवते. दोन दिवसांत आला त्यांना. साखर जास्त होते, पण आला.

काल सकाळी सुनेच्या ओढणीला गाठ होती आणि दूध उतू गेलं. तिने मान वळवली असेल, नसेल, मी बघितलं नाही. गॅस ह्यांनी बंद केला, ओटा मी पुसला.

मैत्रिणींनो, पोळ्या मन लावून लाटा. पाणी गाळा, दाणे निवडा, जीव जपा, त्यात कसूर नको. पण पुन्हा कुणी व्यासपीठावरून म्हणालं की तुमचं काम हेच तुमचं सामायिक, तर टाळ्या वाजवू नका. उठून उभ्या राहा आणि विचारा, आमच्या दोन घटका कुठे आहेत?

जय जिनेंद्र.